दुरून लावलेला थर्मामीटर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोटेखानी आत्मपर लेखनात एक प्रसंग आहे. तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला नाही. काठेवाडातल्या एका खेड्यातील अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. ते बाबासाहेबांनी पुराव्यादाखल आपल्या लेखनात घेतले. शिक्षकाची बायको बाळंत झाली. दोन दिवसांनी ती आजारी पडली. छाती भरली, श्वास लागेना, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला. पण अट अशी की, रोग्याला वस्तीबाहेर आणायचे. त्या ओल्या बाळंतिणीला तसेच उचलून बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याच्या हातात दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले. औषध पाठवले. पुन्हा मात्र तो फिरकला नाही. बाई गेली.

हा प्रसंग मी वर्गात अनेक वर्षे शिकवला. दरवर्षी विद्यार्थी चिडतात आणि दरवर्षी चर्चा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते: डॉक्टरने उपचार नाकारले. आपल्या समीक्षेनेही यापुढे फारसे पाऊल टाकलेले नाही. मला हे वाचन आता अपुरे वाटते. डॉक्टर आला होता. त्याने ताप मोजला, रोगाचे नाव सांगितले, औषधही दिले. वैद्यकशास्त्र वेशीपर्यंत पोचले होते. पोचला नाही तो हात. आणि ज्या बाईला हा थर्मामीटर तीन हातांतून येऊन लागला, तिला त्या घटकेला काय वाटले असेल, हे कोणीच विचारलेले नाही. डॉक्टरने विचारले नाही. पत्र नवऱ्याचे आहे, त्यामुळे तिचा शब्द त्यात नाही. आणि आम्ही वाचणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनीही विचारले नाही. आम्हाला तिच्या मरणात अस्पृश्यतेचा पुरावा दिसला. एक भेदरलेली, श्वास लागलेली, उघड्यावर निजवलेली बाई दिसायची राहून गेली.

प्रस्तुत लेखाचा विषय हा राहून गेलेला भाग आहे. रुग्णाच्या मनाला आधार देणे हे दवाखान्यातल्या माणसांचे काम आहे की नाही, असेल तर ते कोणी आणि कसे करायचे, आणि दलित साहित्याला या बाबतीत काही सांगायचे आहे काय, असे तीन प्रश्न माझ्यापुढे आहेत.

हे प्रश्न मला पुस्तकातून पडले असते तर मी ते जरा ऐटीत मांडले असते. पण ते मला माझ्या आईने घातले. वडील गेल्यानंतरची गोष्ट आहे. आईच्या पोटात आग पडू लागली. अन्न जाईना. रात्र रात्र ती ओट्यावर बसून राही. तालुक्याच्या एका दवाखान्यात मी तिला पाच वेळा नेले. पाचही वेळा खिडकीवरच्या माणसाने आडनाव मोठ्याने विचारले, गाव विचारले आणि मग "कुठली वस्ती?" असेही विचारले. पोटातल्या आगीचा वस्तीशी काय संबंध होता, ते मला आजवर उमगलेले नाही. आत टेबलापलीकडून "ए बाई, काय होतंय?" असा आवाज येई. आई म्हणे, "जिवाची उलघाल होती, साहेब." साहेब लिहीत लिहीतच आम्लपित्ताची गोळी देत. पाचव्या वेळी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "काही नाही, टेन्शन आहे. मनावर घेऊ नका म्हणावं." आई समोर बसली होती, पण तिच्याविषयी बोलायचे ते माझ्याशी. तिला हात लावावा लागला नाही. तपासायचे काही नव्हतेच, असे त्यांचे म्हणणे.

यात मी माझा दोष लपवत नाही. घरी आल्यावर मीही तिला तेच सांगत होतो, फक्त माझी भाषा चळवळीची होती. "खंबीर हो. आपण रडणारी माणसं नाही," असे मी आईला म्हणालो आहे. व्यासपीठावर 'वेदना' या शब्दावर तासभर बोलणारा मी, माझ्या घरातली वेदना ओट्यावर बसून राही तेव्हा झोपून जात होतो.

सहाव्या वेळी डॉक्टर रजेवर होते. एका सिस्टरने आईला आत घेतले. तिने स्टूल ओढले आणि आईच्या समोर, तिच्याच उंचीवर बसली. नाडी पाहायला धरलेला हात तिने नाडी मोजून झाल्यावरही सोडला नाही. "मावशी, झोप लागते का? जेवण जातं का? घरात कोणाशी बोलता?" असे एकेक विचारत ती गेली आणि मध्ये गप्पही राहिली. मग तिने मला बाहेर जायला सांगितले. नंतर मला कळले, तिने आईला सरळ विचारले होते, "मावशी, जगू नये असं वाटतं का कधी?" आणि जे आईने मला सांगितले नव्हते ते तिला सांगितले. आई दोनदा विहिरीपाशी जाऊन परत आली होती.

सिस्टरने पुढे काय केले ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सगळे तिच्या वागण्यात आहे. ती घाबरली नाही, रागावली नाही आणि देवाधर्माचा उपदेशही केला नाही. "मुलाला सांगू का?" असे तिने आईलाच विचारले आणि आईने मान हलवल्यावर मला बोलावले. आईला काही दिवस एकटे सोडायचे नाही, हे मला बजावले. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञासाठी चिठ्ठी दिली आणि ते कोणत्या वारी बसतात तेही लिहिले. शेवटी, "पुढच्या मंगळवारी मला तोंड दाखवून जा," असे आईला सांगितले. परतीच्या एस.टी.त आई एवढेच बोलली, "तिनं माझा हात धरला."

आई पुढे औषधाने आणि बोलण्याने सावरली. तो दवाखाना आणि ती सिस्टर यांची नावे मी घेत नाही. एकाला बदनाम करून आणि दुसरीला देव्हाऱ्यात बसवून प्रश्न सुटणार नाही. सिस्टरला जे जमले ते तिच्या स्वभावाचे म्हणून सोडून द्यायचे की कामाची रीत म्हणून सर्वांकडून मागायचे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. मनाच्या आजाराची सोय ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशा मोठ्या मनोरुग्णालयांच्या भिंतींतून बाहेर काढून ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावी, हा त्यामागचा विचार होता. १९९६ साली जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम आला. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २०१८ च्या मे महिन्यापासून तो लागू झाला. या कायद्याचे १८ वे कलम आपल्या कार्यकर्त्यांनी वाचले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि तो देताना धर्म, लिंग, वर्ग यांबरोबरच जातीवरूनही भेद करता येणार नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार व आधार देण्याची जबाबदारी सरकारवर येते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले होते. आता माणसाला साखळीने बांधायला या कायद्याने बंदी आहे.

कायदा चांगला आहे. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसे उपचारापर्यंत पोचतच नाहीत. सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. माझ्या आईसारखी बाई मात्र या आकड्यांत बसायलाही अवघड आहे. ती सहा वेळा दवाखान्यात पोचली होती. तिचे शरीर पोचले होते आणि तिचे मन दर वेळी खिडकीवरूनच परत पाठवले जात होते.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु मी पाहिलेल्या प्रशिक्षण-पुस्तिकांतला 'रुग्ण' हा बिनजातीचा, बिनवस्तीचा माणूस आहे. त्याच्याशी सहानुभूतीने वागा, असे तिथे सांगितलेले असते. खिडकीवर आडनाव ओरडून विचारू नका, असे मात्र कुठे लिहिलेले नसते. ज्या समाजात आडनाव ऐकून आवाज बदलतो, तिथे सहानुभूतीचा धडा जातीला वळसा घालून शिकवता येत नाही. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या दुरून पाणी ओतून घेत आली, त्यांना टेबलापलीकडून दिलेली गोळी ही नुसती गोळी नसते. तिच्यात ओळखीचे अंतर असते. ते अंतर रुग्णाला कळते आणि मग तो 'जिवाची उलघाल' सांगायचे सोडून 'पोट दुखतंय' एवढेच सांगतो.

प्रस्थापितांकडे बोट दाखवून मी इथेच थांबलो असतो, तर आपल्या नियतकालिकांच्या रीतीला ते धरून झाले असते. पण टीका आपल्याकडेही वळवली पाहिजे. वेदना, नकार आणि विद्रोह ही दलित साहित्याची त्रयी आपण गेली पन्नास वर्षे मांडत आलो. त्या मांडणीत वेदना ही समूहाची असते आणि तिची दिशा विद्रोहाकडे असते. ज्या वेदनेतून विद्रोह निपजत नाही, जी माणसाला अंथरुणावरून उठूच देत नाही, तिचे काय करायचे हे आपल्या समीक्षेला माहीत नाही. असा खचलेला माणूस आपल्याला साहित्यात अडचणीचा वाटतो आणि चळवळीत दुबळा.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनाचे उदाहरण घेऊ. आषाढात महारवाड्यातल्या बायकांच्या अंगात येते, याची वर्णने त्यात आहेत. बाळंतिणींची उपासमार आहे, बाळंतपणात मरणाऱ्या पोरीही आहेत. समीक्षकांनी अंगात येण्याचा भाग अंधश्रद्धेचे चित्रण म्हणून वाचला. लेखिका आंबेडकरी आहे. तिचाही रोख तोच आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या बाईकडून पाहा. वर्षभर जिला कोणी 'कशी आहेस' म्हणून विचारत नाही, सासूचा मार खाऊन जी गप्प राहते, तिच्या पुढ्यात त्या दिवशी अवघा वाडा हात जोडून बसतो. ती बोलेल ते ऐकतो. ऐकले जाण्याची तिला मिळालेली ती एकमेव जागा होती. १९५६ नंतर आपण देव्हारे काढले, अंगात येणे थांबवले. ते केलेच पाहिजे होते. पण त्या बाईचे ऐकण्यासाठी दुसरी कोणती जागा आपण उभी केली? विहारात व्याख्यान असते, वंदना असते. ओट्यावर रात्र काढणाऱ्या बाईला तिथे तोंड उघडता येते काय? हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी स्वतःला विचारतो आहे.

आणि खंबीर राहण्याचा आग्रह आपण कोणाच्या नावाने धरतो? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्येच बाबासाहेबांनी बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. परदेशातून शिकून आलेल्या या माणसाला पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही तो देखावा डोळ्यांपुढून हलत नाही आणि तो आठवला की डोळ्यांत पाणी येतेच, अशी कबुली त्यांनी दिली आहे. हे लेखन पुस्तिकारूपाने १९९० साली आले. बाबासाहेबांची बोट उगारलेली मूर्ती आपण गावोगाव उभारली. अठरा वर्षे न सुकलेले हे डोळे आपण वाचले नाहीत. अपमानाची जखम मनात किती खोल आणि किती काळ राहते, याची ही आपल्या घरातली साक्ष आहे. ज्याने हे लिहिले त्याच्या नावाने आईला 'रडू नकोस' म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

आता कामाचे बोलू. दवाखान्यातल्या माणसांनी काय करावे, असे विद्यार्थी विचारतात. त्यांच्यापैकी काही जण पुढे नर्सिंगला जातात, काही मुली आशाताई होतात. मी वैद्य नाही. पण रुग्णाचा मुलगा म्हणून आणि वाचक म्हणून मला जे कळले ते असे. रुग्णाला अहो-जाहो करा. निम्मा उपचार तिथे सुरू होतो. आडनाव आणि वस्ती यांचा पुकारा करू नका. बोलताना बसा. हात धुवा, पण हात लावा. त्यासाठी आधी विचारा. 'काही नाही' हे दोन शब्द कोणत्याही रुग्णाला सांगू नका, कारण त्याला काहीतरी होत असते म्हणूनच तो रोजगार बुडवून आलेला असतो. झोप, भूक, कामातले लक्ष यांची चौकशी तापाच्या चौकशीइतकीच नेमाने करा. रुग्णासमोर त्याच्याविषयी नातेवाइकांशी बोलू नका. अंगात येते म्हणून सांगणाऱ्या बाईला हसू नका. ती काय बोलते ते ऐका. बाळंतिणीला बाळाचे वजन विचारता तसे तिच्या जिवाचेही विचारा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाचे ओझे हलके होते. असा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नका, त्याला पुढच्या उपचाराशी जोडून द्या आणि पुन्हा येण्याचा वार सांगा. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक ओपीडीच्या आणि प्रत्येक विहाराच्या भिंतीवर असावा.

"एवढा वेळ कोणाला आहे?" असे डॉक्टर म्हणतात, आणि बाहेरची रांग पाहिली तर ते खोटेही नाही. पण हे काम डॉक्टरनेच केले पाहिजे असे नाही. गोव्यात सरकारी व खाजगी दवाखान्यांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांना आधार देण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ही माणसे मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. तरीही सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण काही पटींनी वाढले. म्हणजे ऐकणे शिकवता येते. ती कोणा एका सिस्टरच्या पुण्याईची गोष्ट नाही.

मात्र ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकले पाहिजे. वॉर्डातला खरा धीर बहुधा रात्रपाळीची मावशी देते. ती फरशी पुसते, बेडपॅन उचलते आणि जाता जाता रुग्णाच्या कपाळावर हात ठेवते. ती बहुधा आपल्याच वस्तीतली असते आणि तिची नोकरी कंत्राटी असते. तिच्या या कामाची नोंद कोणत्याही केसपेपरवर नसते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या सहकारी डॉक्टरांवर झाला आणि खटला उभा राहिला. ज्या व्यवस्थेत पांढरा कोट घातलेल्या मुलीलाही आपल्याच माणसांत आधार सापडू नये, तिथे खिडकीबाहेरच्या नऊवारीतल्या बाईला तो सहज मिळेल, असे कोणी समजू नये. रुग्णालयातली जात मोडणे हा मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम आहे.

काठेवाडातल्या त्या डॉक्टरची विद्या खोटी नव्हती. तिला हात नव्हता. आज वेशीबाहेर रोग्याला आणवणारा डॉक्टर सहसा भेटत नाही. थर्मामीटर आता न स्पर्शताही ताप सांगतो. अशा काळात हात लावणे, जवळ बसणे आणि विचारणे हे कोणीतरी ठरवून करावे लागेल. दवाखान्यांकडून ते मागण्याचा आपल्याला कायद्याने हक्क आहे. आपल्या घरात, विहारात आणि आपल्या लेखनात ते सुरू करायला कोणत्याही कायद्याची गरज नाही.

पुढच्या वर्षी हा पाठ शिकवणारा जो कोणी शिक्षक असेल, त्याला माझी एक विनंती आहे. डॉक्टरवर चिडून झाले की वर्गाला त्या बाळंतिणीविषयी विचारावे. तिला त्या दिव्याच्या उजेडात काय वाटले असेल, यावर विद्यार्थ्यांना लिहायला सांगावे. आणि कुणा विद्यार्थ्याने तिच्याऐवजी आपल्या आईविषयी लिहिले, तर ते गुण देऊन परत न करता त्याच्याशेजारी बसून वाचावे.